सरवा वेचणारी बाई आणि 'निसर्गचित्र' नावाची सोय

१

'निसर्गचित्र' हा शब्द मराठी कलाविचारात इतका रुळला आहे की तो काही गृहीत धरतो आणि काही वगळतो, अशी शंकासुद्धा आता कोणाला येत नाही. इंग्रजीतील 'लँडस्केप' या संज्ञेला दिलेला हा पर्याय. मूळ शब्द इंग्रजीत आला तो डच चित्रकारांच्या व्यवहारातून, आणि त्याचा पाया आहे 'लँड', म्हणजे जमीन, भूभाग. त्या शब्दात 'निसर्ग' कोठेही नाही. जमिनीची मोजणी होते, तिला कुंपण घालता येते, ती खंडाने देता येते, गहाण ठेवता येते, वारसाहक्काने मिळवता येते. निसर्गाचे यांपैकी काहीच करता येत नाही. जमिनीच्या जागी निसर्ग ठेवला की मालक, खंडकरी, मजूर, खंड आणि मजुरी हे सारे एकाच वेळी चर्चेबाहेर जातात. चित्रकाराने ब्रश उचलण्यापूर्वीच, आणि प्रेक्षकाने चित्राकडे नजर टाकण्यापूर्वीच, संज्ञेने आपले काम केलेले असते.

डोंगर, समुद्र, ओसाड माळ यांच्या चित्रांपुरती ही संज्ञा कदाचित निरुपद्रवी ठरेल. परंतु एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश भूचित्रणाचा एक मोठा भाग कापणीच्या, म्हणजे सुगीच्या, चित्रांनी व्यापलेला आहे. कापणीला आलेला गहू हा निसर्ग नव्हे. नांगरणी, पेरणी, खुरपणी, राखण अशी कामांची एक साखळी त्याच्या मागे असते आणि कापणी, बांधणी, मळणी, बाजार अशी दुसरी साखळी त्याच्या पुढे असते. त्या दोन साखळ्यांमधला एक क्षण चित्रात पकडलेला असतो. अशा चित्राला 'निसर्गचित्र' म्हणणे म्हणजे जात्याला 'दगड' म्हणण्यासारखे आहे. म्हणणे खोटे नाही. पण त्यातून दळणारी बाई निघून गेलेली असते.

गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेच्या एका प्रवाहाने पाश्चात्त्य भूचित्रांकडे विचारप्रणालीच्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली, ही गोष्ट स्वागतार्हच होती. मात्र या नव्या वाचनाने जुन्या वाचनाची जागा घेतली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन्ही वाचने आज शेजारी शेजारी सुखाने नांदत आहेत, आणि त्यांच्या या सुखाचे कारण असे की चित्राकडे पाहण्याचा त्रास दोघांनीही घेतलेला नाही. हा आरोप सिद्ध करण्यासाठी एकच चित्र पुरेसे आहे.

२

जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने 'द व्हीट फील्ड' हे चित्र १८१६ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनात मांडले. सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या आपल्या जन्मगावी, १८१५ च्या सुगीत, त्याने ते बहुतांशी उघड्यावर बसूनच रंगवले होते. त्या ऑगस्टमधल्या त्याच्या पत्रव्यवहारावरून असे दिसते की तो जवळजवळ सारा वेळ शेतात असे आणि कापणीवाल्यांखेरीज त्याची कोणाशी गाठ पडत नसे. चित्र आज अमेरिकेतील विल्यम्सटाउन येथील क्लार्क कलासंस्थेत आहे. ते मोठे नाही. रुंदी सुमारे ७७ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ५४ सेंटिमीटर.

चित्राच्या मध्यभागी पिकलेल्या गव्हाचा पिवळा विस्तार आहे. त्याच्या कडेने कापणीवाले कामाला लागलेले दिसतात. पुढच्या बाजूला एक मुलगा कुत्र्यासह कापणीवाल्यांची शिदोरी राखत बसला आहे. आणि तेथेच, प्रेक्षकाच्या सर्वांत जवळच्या पट्ट्यात, कापून झालेल्या जमिनीवर बाया आणि एक मुलगी वाकून खाली पडलेली कणसे वेचीत आहेत. कापणीनंतर शेतात राहिलेली ही कणसे म्हणजे सरवा. हा मराठी शब्द येथे मुद्दाम वापरावयाचा आहे, कारण पुढील सारा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

ज्या काळात हे चित्र रंगले आणि मांडले गेले तो काळ शांत नव्हता. जून १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईने फ्रान्सबरोबरचे दीर्घ युद्ध संपले आणि हजारो सैनिक कामाच्या शोधात गावोगाव परतले. युद्धकाळात, १८१२ मध्ये, क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांना, सरासरी सुमारे १२६ शिलिंगांपर्यंत चढलेला गव्हाचा भाव १८१५ मध्ये सुमारे ६५ शिलिंगांवर आला. जमीनदारांच्या संसदेने त्याच वर्षी धान्य कायदा केला आणि देशी गव्हाचा भाव ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही असे ठरवले. पुढच्या वर्षी हवामानाने दगा दिला. एप्रिल १८१५ मध्ये झालेल्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाचे परिणाम युरोपभर जाणवले आणि १८१६ चा उन्हाळा थंड व पावसाळी गेला. भाव पुन्हा चढले. १८१७ ची सरासरी सुमारे ९७ शिलिंग होती. शेतमजुराची मजुरी मात्र त्या प्रमाणात हलली नाही.

मे १८१६ मध्ये, म्हणजे हे चित्र लंडनच्या भिंतीवर टांगलेले असतानाच, सफक, नॉरफक आणि केंब्रिज या पूर्वेकडील परगण्यांत भाकरीसाठी दंगे उसळले. लिटलपोर्ट आणि ईली येथील दंग्यांनंतर खास न्यायासन बसवण्यात आले आणि २८ जून १८१६ रोजी पाच जणांना फाशी देण्यात आले. आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चित्रकाराचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे फ्लॅटफर्ड आणि डेडम येथील पाणचक्क्यांचे चालक आणि धान्याचे व्यापारी होते. त्याच मे महिन्यात ते वारले. म्हणजे ज्या गव्हाचे चित्र मुलाने काढले त्या गव्हाच्या भावावर घरची चूल पेटत होती.

३

आता या चित्राची दोन वाचने पाहावीत.

पहिले वाचन रूपवादी. मराठीत त्याला बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारामुळे एक कणखर बैठक लाभलेली आहे. कलाकृती ही संवेदनांच्या परस्परसंबंधांची लयबद्ध रचना होय, आणि ती लय संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी सिद्ध होते, ही भूमिका घेऊन 'द व्हीट फील्ड'कडे पाहिले तर पुष्कळ काही हाती लागते. पिवळ्या विस्ताराचा आडवेपणा, आकाशाची व्याप्ती, कडेच्या झाडांची गर्द हिरवी वस्तुमाने यांचा समतोल दाखवता येतो. वाकलेल्या कापणीवाल्यांची कमानदार रेषा पुढील पट्ट्यातील वाकलेल्या बायांच्या रेषेत पुन्हा उमटते, हा संवाद दाखवता येतो. यातील एकही निरीक्षण चूक नाही, आणि मर्ढेकरांची कुचेष्टा करणे ही अलीकडची फॅशन असली तरी असे निरीक्षण करण्याची शिस्त त्यांनीच मराठी समीक्षेला लावली, हे विसरता येणार नाही.

परंतु येथेच एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. वाकण्याच्या या दोन रेषा रूपदृष्ट्या संवादी आहेत. पण त्या दोन वाकण्यांचा अर्थ एकच आहे काय? कापणीवाला वाकतो तो ठरलेल्या मजुरीसाठी. सरवा वेचणारी बाई वाकते तेव्हा तिला मजुरी मिळत नाही. ती जे उचलते तेच तिचे. तिचे हे उचलणे कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्या काळी न्यायालयात गेलेला होता. म्हणजे एकच देहरेषा एका जागी करार आहे आणि दुसऱ्या जागी वाद आहे. रूपवादी वाचन साम्यापाशी थांबते. साम्याच्या पोटातील विरोध त्याला दिसत नाही, कारण तो विरोध रंगरेषेत नसून त्या रंगरेषा ज्या व्यवहाराकडे निर्देश करतात त्या व्यवहारात आहे. मर्ढेकरांच्या 'विरोध-लयी'त या विरोधाला जागा नाही.

दुसरे वाचन विचारप्रणालीचे. त्याचे मूळ ग्रंथ सुपरिचित आहेत. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात भूदृश्य ही कल्पनाच पाहणाऱ्याला काम करणाऱ्यापासून वेगळे काढते, असे प्रतिपादन केले. जॉन बॅरेल यांनी 'द डार्क साइड ऑफ द लँडस्केप' (१९८०) मध्ये गेन्सबरो, मॉरलंड आणि कॉन्स्टेबल यांच्या चित्रांतील ग्रामीण गरिबांचा शोध घेतला. गरिबाला चित्रात प्रवेश मिळतो तो काही अटींवर. तो कष्टाळू, समाधानी आणि मालकवर्गाच्या डोळ्यांना न खुपणारा असला पाहिजे. आणि कॉन्स्टेबलच्या बाबतीत तो इतका दूर आणि इतका लहान असला पाहिजे की त्याचा चेहरा दिसू नये आणि तो भूभागात मिसळून जावा. अ‍ॅन बर्मिंगहॅम यांनी 'लँडस्केप अँड आयडिऑलॉजी' (१९८६) मध्ये सामाईक जमिनींना कुंपणे पडण्याची प्रक्रिया आणि भूचित्राची अभिरुची यांचा संबंध जोडून दाखवला.

हे ग्रंथ मोठे आहेत. त्यांच्यामुळे कलेतिहास एका भाबडेपणातून बाहेर आला. आक्षेप आहे तो त्यांच्या मराठी विनियोगाला. बॅरेल यांनी ठरावीक चित्रांच्या बारीक वाचनातून काढलेला निष्कर्ष मराठीत येताना एक सूत्र बनून आला: 'सुगीचे चित्र म्हणजे श्रमाचे लपवणे.' एकदा सूत्र मिळाले की चित्राची गरज उरत नाही. कोणतेही सुगीचे चित्र घ्यावे, त्यात मजूर लहान आहेत असे म्हणावे, धान्य कायद्याचे वर्ष सांगावे आणि निकाल द्यावा. 'द व्हीट फील्ड'ला हे सूत्र लावले की निकाल तयारच असतो: धान्यव्यापाऱ्याच्या मुलाने दंग्यांच्या वर्षात समृद्धीचे खोटे चित्र काढले.

मात्र चित्रातील अंतरांची मांडणी या निकालाच्या नेमकी उलट आहे. सूत्राप्रमाणे जो जितका गरीब तो तितका दूर असायला हवा. येथे मजुरी मिळवणारा कापणीवाला दूर आहे, आणि त्या शेतातील सर्वांत गरीब, जिला त्या दिवसाची मजुरीही नाही अशी बाई, सर्वांत जवळ आहे. प्रेक्षकाची नजर पिवळ्या गव्हापर्यंत पोचते ती तिला ओलांडून. समृद्धीचे दृश्य पाहण्यासाठी आधी अभावाच्या रांगेतून जावे लागते. ही मांडणी योगायोगाची असेल असे मानणे म्हणजे चित्रकाराला चित्रकार न मानणे होय.

४

या बाईच्या वाकण्याचा अर्थ समजण्यासाठी १७८८ कडे जावे लागते. त्या वर्षी लंडनच्या कॉमन प्लीज न्यायालयात 'स्टील विरुद्ध हाउटन' हा खटला चालला. सफकमधील टिमवर्थ गावची मेरी हाउटन एका शेतात सरवा वेचायला गेली, आणि शेतकऱ्याने तिच्यावर व तिच्या नवऱ्यावर अनधिकृत प्रवेशाचा दावा लावला. कापणीनंतरचा सरवा गरिबांचा, ही इंग्लंडभर मानली जाणारी प्रथा होती. तिला बायबलचा आधार होता. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत शेतकऱ्याने शेताचे कोपरे आणि पडलेली कणसे गरिबांसाठी सोडावीत अशी आज्ञा आहे. रूथची कथा तर सरव्याचीच कथा आहे, आणि बायबलच्या मराठी भाषांतरातही रूथ 'सरवा'च वेचते. न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की सरवा वेचण्याचा हक्क देशाच्या सामान्य कायद्यात नाही. मोशेचा कायदा इंग्लंडच्या न्यायालयाला बंधनकारक नाही. आणि असा हक्क मान्य करणे खाजगी मालकीच्या कल्पनेशी विसंगत आहे. एका न्यायमूर्तींनी भिन्नमत नोंदवले.

एवढे म्हणून सामान्यतः विषय मिटवला जातो: भांडवली मालकीने रूढ हक्क गिळला. प्रत्यक्षात तसे झाले नाही. इतिहासकार पीटर किंग यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दाखवून दिले की निर्णयानंतरही सरवा वेचणे एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात चालू राहिले. बाया कायद्याच्या पुस्तकाला विचारायला गेल्या नाहीत. त्या शेतात गेल्या. अडवणाऱ्या शेतकऱ्याशी त्या भांडल्या, आणि पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यालाच नमते घ्यावे लागले. अनेक गावांत सरवा वेचण्याची सुरुवात आणि शेवट चर्चच्या घंटेने जाहीर होई. शेतातून पेंढ्या हलल्याखेरीज आत पाऊल टाकायचे नाही, असा दंडक ठिकठिकाणी होता. मजूर कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीत या वेचलेल्या धान्याचा वाटा नगण्य नव्हता, आणि तो वाटा बाया आणि मुले मिळवीत.

ही माहिती हाती घेऊन चित्राकडे परतावे. पेंढ्या हलल्यावर सरवा, असा क्रम. आणि येथे तर कापणी अजून चालू आहे. कापणीवाला आणि सरवा वेचणारी बाई एकाच शेतात, एकाच दुपारी. रूढ प्रथेच्या दृष्टीने हा क्रम बिघडलेला आहे, आणि समीक्षेने नेमके येथे थांबायला हवे होते. धान्यव्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या कॉन्स्टेबलला हा क्रम ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. त्याने त्या शेतात तसे पाहिले असो की दोन वेगळे प्रहर एकत्र आणले असोत, ते एका चौकटीत ठेवण्याचा निर्णय त्याचा आहे. त्या निर्णयामुळे चित्रात धान्यावरचे दोन दावे एकमेकांसमोर येतात. एक कराराचा आणि एक रूढीचा; एक कायद्याने मानलेला आणि एक कायद्याने २८ वर्षांपूर्वी नाकारलेला.

चित्रकाराला याची जाण होती काय, हा प्रश्न विचारला जाईलच. त्याचे उत्तर प्रदर्शनाच्या सूचिपुस्तकात आहे. कॉन्स्टेबलने चित्राच्या नोंदीबरोबर रॉबर्ट ब्लूमफील्डच्या 'द फार्मर्स बॉय' (१८००) या काव्यातील ओळी छापल्या. ब्लूमफील्ड हा सफकचाच. लहानपणी शेतावर राबलेला आणि पुढे लंडनमध्ये जोडे शिवून पोट भरलेला कवी. निवडलेल्या ओळींचा आशय सरव्याचा आहे: जे ईश्वराने सर्वांना दिले आहे त्यावर येथे मालकाचे दाताळे फिरत नाही, ते गरजवंतांसाठी आहे. न्यायालयाने जे नाकारले ते राजधानीतल्या सर्वांत प्रतिष्ठित प्रदर्शनाच्या छापील पुस्तकात पुन्हा उच्चारले गेले. लपवायचे असते तर चित्रकाराने नेमक्या याच जागी बोट ठेवले नसते.

याचा अर्थ कॉन्स्टेबल गरिबांचा कैवारी होता असा कोणी काढू नये. तो राजकीयदृष्ट्या सनातनीच होता, आणि पुढे संसदीय सुधारणांना त्याने विरोध केला. शिवाय ब्लूमफील्डच्या ओळीही निर्मळ नाहीत. त्यांत हक्काची भाषा नाही, कृपेची आहे. ईश्वर देतो, मालक हात आवरतो आणि गरीब घेतो. हक्काचे दानात रूपांतर करण्याची ही जुनी युक्ती आहे. जे दान असते ते बंद करता येते, आणि घेणाऱ्याने त्यासाठी ऋणी राहायचे असते. पण म्हणूनच चित्र आणि ओळी यांच्यामधील फट महत्त्वाची. ओळी म्हणतात 'मिळते'. चित्र दाखवते 'वेचते'. ओळींत दाता आहे. चित्रात दाता नाही. कोणी उदार जमीनदार घोड्यावरून पाहत नाही, आणि बायांनी कृतज्ञतेने मान वर केलेली नाही. त्यांची पाठ वाकलेली आहे, नजर जमिनीवर आहे आणि हात कामात आहेत. त्या घेत आहेत, आणि घेणे हे श्रम आहे, एवढेच चित्र सांगते. दानाच्या भाषेला जे झाकता आले नाही ते त्या वाकण्यात उघडे राहिले आहे.

५

सूत्रवादी समीक्षकाचा शेवटचा आधार म्हणजे आकार. मिलेच्या 'सरवा वेचणाऱ्या बाया' (१८५७) या फ्रेंच चित्राची तुलना अशा वेळी हटकून पुढे केली जाते. मिलेने तीन बाया मोठ्या केल्या, चित्रभर पसरवल्या आणि समृद्धीच्या गंजी आणि घोड्यावरचा देखरेख्या यांना दूर क्षितिजाजवळ ठेवले. म्हणून मिले प्रामाणिक आणि कॉन्स्टेबल लबाड. या तर्कात माणसाची प्रतिष्ठा सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. मिलेच्या चित्राची थोरवी वादातीत आहे. पण त्यात सरवा वेचणे आणि मालकाची सुगी यांच्यामध्ये एक भलेमोठे मोकळे शेत आहे. कॉन्स्टेबलच्या लहानशा चित्रात ते अंतर काही पावलांचे आहे. कोणता विरोध अधिक तीव्र, याचा निकाल आकृतीच्या उंचीवर लागत नाही.

त्याच १८१५ च्या सुगीचे दुसरे चित्र आठवावे. जॉर्ज रॉबर्ट लुइस याने हेरेफर्डजवळ, हेवुड लॉजहून, रंगवलेले सुगीच्या दुपारचे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यात मजूर चित्राच्या पुढच्या भागात, कामातून उसंत घेऊन उभे आहेत. ते दूर नाहीत, भूभागात मिसळलेले नाहीत, आणि प्रत्येकाची उभे राहण्याची ढब वेगळी आहे. मागे पिवळे शेत आणि त्यामागे मॅल्व्हर्नच्या टेकड्या. सूत्र येथेही लागू पडत नाही. अपवाद म्हणून ही दोन्ही चित्रे बाजूला सारता येतील. पण एकाच सुगीत सापडणारे दोन अपवाद नियमाविषयी काही सांगत असतात.

याउलट बॅरेल जेथे खरे ठरतात तेथे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कॉन्स्टेबलचे 'द कॉर्नफील्ड' (१८२६) हे चित्र १८३७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, वर्गणीदारांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिले आणि ते इंग्लंडच्या ग्रामीण रूपाची ओळख होऊन बसले. त्यात पुढे सावलीची पायवाट आहे, मेंढ्या आहेत, पालथे पडून पाणी पिणारा मुलगा आहे. शेताचे फाटक बिजागरीतून निखळलेले आहे. पिकलेले शेत झाडांच्या चौकटीत मागे गेले आहे आणि शेतातला माणूस ठिपक्याएवढा झाला आहे. सरवा वेचणारी बाई नाही. १८१६ आणि १८२६ यांच्या दरम्यान, १८२२ मध्ये, सफक आणि नॉरफक येथे मळणीयंत्रे फोडली गेली आणि गंजींना आगी लागल्या. श्रमाला दूर सारण्याची प्रक्रिया येथे खरोखरच घडलेली दिसते. पण ही प्रक्रिया दिसते ती आधीच्या चित्रात श्रम जवळ होता म्हणून. दोन्ही चित्रांना 'लपवणे' हेच नाव दिले तर दहा वर्षांत जे बदलले ते सांगण्यासाठी समीक्षेपाशी शब्दच उरत नाही. ज्या समीक्षेला इतिहासाचा अभिमान आहे तिनेच चित्रकाराच्या आयुष्यातला इतिहास पुसून टाकावा, हा विपर्यास आहे.

६

मराठी समीक्षेचा या प्रकरणाशी असलेला संबंध आता स्पष्ट करता येईल. भूचित्र म्हणजे निसर्ग ही सवय मराठीत दोन वाटांनी आली. एक वाट मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत ब्रिटिश अकॅडमिक पद्धतीचे शिक्षण रुजले. दुसरी वाट विद्यापीठीय इंग्रजी अभ्यासक्रमाची. रोमँटिक कवितेच्या वाचनातून 'निसर्गकविता' हा वर्ग मराठीत सिद्ध झाला आणि शेत, मळा, गाव हे सारे त्याच वर्गात टाकले गेले. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने १९७० नंतर या वर्गीकरणाला धक्का दिला, पण तो धक्का कथा-कादंबरीच्या चर्चेपुरता राहिला. चित्रविषयक परिभाषेला तो पोचला नाही. परिणाम असा की बॅरेलचे नाव घेऊन श्रमाच्या लपवणुकीवर लिहिलेल्या लेखातही चित्राला बिनदिक्कत 'निसर्गचित्र'च म्हटले जाते. जे पाप चित्रकाराच्या माथी मारायचे तेच लेखकाच्या परिभाषेत पहिल्या वाक्यापासून चाललेले असते.

यातली खरी शोकांतिका अशी की मराठीला शब्दांची वाण नाही. 'सरवा' हा शब्द ज्वारीच्या आणि भुईमुगाच्या शेतांतून आजही ऐकू येतो. तो दान नव्हे, चोरी नव्हे आणि मजुरीही नव्हे. खळ्यावर धान्याच्या राशीतून दिले जाणारे बलुते हेही असेच, हक्क म्हणून मागितले जाणारे. इंग्लंडच्या न्यायमूर्तींना जी गोष्ट मालकीच्या तर्कात बसवता आली नाही तिला मराठीत घरचे नाव आहे. अर्थात या नावांना सोवळे समजण्याचे कारण नाही. रूढ हक्क हा रूढ बंधनही असतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा बलुत्याच्या हक्काने माणसाला गावाशी कसे जखडून ठेवले आहे हेच त्यांना दाखवायचे होते. त्यामुळे सरवा वेचणाऱ्या बाईच्या हक्काचे गोडवे गाऊन थांबता येणार नाही. तिला तो वेचावा का लागतो, हा प्रश्न पुढचा. आणि ती वेचते आहे हे आधी दिसले पाहिजे.

समीक्षेची कसोटी येथे लागते. रूपवादी समीक्षकाला तिच्यात एक सुंदर कमान दिसते, विचारप्रणालीवाद्याला तिच्या जागी एक अनुपस्थिती दिसते, आणि 'निसर्गचित्र' म्हणणाऱ्याला ती निसर्गाचाच भाग वाटते. तिघांच्याही वाचनांतून बाई वगळली जाते. चित्रात मात्र ती पुढच्या रांगेत, हाताच्या अंतरावर आहे. पदव्युत्तर वर्गात उद्या हे चित्र दाखवले जाईल तेव्हा पहिला प्रश्न ते सुंदर आहे काय हा नसावा, आणि ते खोटे आहे काय हाही नसावा. पुढच्या पट्ट्यात कोण आहे, ती काय उचलते आहे आणि ते कोणाचे आहे, हे तीन प्रश्न आधी विचारले जावेत. त्यांची उत्तरे दिल्यानंतर चित्राला 'निसर्गचित्र' म्हणण्याची इच्छा ज्याला उरेल त्याने ते खुशाल म्हणावे.